एकाच इंजिनावर आधी वेबर, मग मायक्रोस्क्वर्ट : वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगतो. ताकदीचं इंजिन बांधताय, पेट्रोल पंपावरचंच घालणार आहात आणि गाडी नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पळवायची आहे, तर फ्युएल इंजेक्शन घ्या. मी दोन्ही घेतलं, म्हणजे आधी वेबरचे कार्बोरेटर आणि मग मायक्रोस्क्वर्ट या ईसीयूवर (इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालणारं इंजेक्शन. दोन्ही एकाच इंजिनावर चालवलं, दोन्हीचे पैसे खिशातून भरले. पण इंजेक्शनने हॉर्सपॉवर वाढते असं ऐकून कोणी निघालं असेल, तर त्याने पुढचं नीट वाचावं. टॉपची पॉवर जवळजवळ तेवढीच राहते, फरक पडतो तो वेगळ्याच ठिकाणी.

गाडी जिप्सी आहे, फक्त ऑटोक्रॉससाठी (मैदानातल्या वळणांच्या मार्गावर घड्याळाविरुद्धच्या शर्यतीसाठी) ठेवलेली. रस्त्यावर काढत नाही, ट्रेलरवरून नेतो. इंजिन बदललेली गाडी आरटीओच्या मंजुरीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही आणि आणूही नये. जिप्सीचं मूळ १.३ लिटरचं इंजिन कार्बोरेटरवर ६० हॉर्सपॉवरचं, नंतर २००० साली एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, आलं तेव्हा ८०चं झालं. मला त्याहून बरंच जास्त हवं होतं, म्हणून बलेनोचं १.६ घेतलं. बोअर ७५, स्ट्रोक ९०, सोळा व्हॉल्व्ह. अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात ते मिळालं तेव्हा ब्लॉक आणि हेड चांगलं होतं, पण वायरिंग मुळापासून कापलेलं आणि ईसीयूचा पत्ता नाही. मूळचं इंजेक्शन असलेल्या इंजिनाला मी कार्बोरेटर का लावला, याचं पहिलं कारण हेच.

दुसरं कारण आमचे मिस्त्रीकाका. जुन्या रॅलीच्या काळापासून ते कार्बोरेटरवर हात बसलेला माणूस. इंजिन त्यांनीच बांधलं: कॉम्प्रेशन ११ पर्यंत नेलं, कॅम ग्राइंड करून ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) २८०च्या घरात आणलं, हेडचे पोर्ट हाताने घासले. उद्दिष्ट क्रँकला १४० हॉर्सपॉवर. काका म्हणाले, "लॅपटॉप लागेल असलं काही बसवू नकोस रे पोरा. मैदानात बिघडलं तर पान्ह्याने सुटलं पाहिजे." त्यांचं हे म्हणणं आजही मला मान्य आहे, फक्त ते अर्धंच आहे असं वर्षभराने वाटतं.

मागच्या ऑक्टोबरात वेबरच्या ४० डीसीओई कार्बोरेटरची जोडी बसली. त्याआधी एक जोडी वाया गेली ती गोष्ट सांगतो, कारण हे बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून स्वस्तात घेतली, वर नाव अगदी ठळक छापलेलं. थ्रॉटल शाफ्ट बोटाने हलवला की कटकट वाजायचा, त्या फटीतून हवा आत. दोन कार्बोरेटरमधल्या एकाच नंबरच्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या स्क्रूवर) पिन गेज लावला तर भोकं वेगवेगळी निघाली. माझं स्वतःचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, त्यामुळे मापायला साधनं हाताशी होती. नाहीतर आम्ही महिनाभर ट्यूनिंगच करत बसलो असतो. नंतर खरी जोडी मागवली. मॅनिफोल्ड, लिंकेज, कस्टम धरून लाखाच्या वर गेली. आणि ती सुंदर आहे, हे मोकळेपणाने लिहितो. डीसीओईचं वरचं गोल झाकण एका पंखासारख्या नटाने उघडतं आणि आत आयडल जेट आणि मेन जेट समोर उभे दिसतात. स्क्रू ड्रायव्हरने जेट काढा, दुसरा घाला, झाकण लावा, दोन मिनिटांचं काम. शंभर वर्षांपूर्वी, १९२३ साली, बोलोन्यात एदोआर्दो वेबर यांनी सुरू केलेल्या कामाची ही वस्तू आजही हातात घेतली की तिच्या करणीबद्दल आदर वाटतो.

जेटिंगचा जुना हिशोब सोपा आहे. चोक म्हणजे आतल्या व्हेंचुरीचं माप गुणिले ४, तो साधारण मेन जेट. त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर, म्हणजे हवेचा जेट. आमचा चोक ३२, म्हणून मेन १३० आणि एअर १८०पासून सुरुवात केली. इमल्शन ट्यूब एफ११. पहिल्याच दिवशी इंजिन ५,००० आरपीएमच्या वर असं ओढायला लागलं की दिंडोरीजवळच्या मित्राच्या मोकळ्या जमिनीवर, द्राक्षबागेच्या कडेला, आम्ही तिघं उभे राहून नुसते ऐकत होतो. चार उघड्या तोंडांतून हवा ओढण्याचा तो आवाज इंजेक्शनच्या थ्रॉटल बॉडीलाही येतो, पण कार्बोरेटरचा आवाज जास्त भरीव असतो. हे मत आहे, त्याला मोजमाप नाही.

अडचण सुरू झाली ती खालच्या आरपीएमला. कार्बोरेटरमध्ये व्हेंचुरीला दोन कामं एकदम करावी लागतात. हवा जाऊ द्यायची आणि त्याच हवेच्या वेगावरून पेट्रोल किती सोडायचं हे ठरवायचं. भोक लहान ठेवलं तर वेग चांगला, पेट्रोल बरोबर ओढलं जातं, पण वर इंजिनाचा श्वास कोंडतो. मोठं केलं तर वर मोकळं, पण खाली हवेत जोरच नाही, म्हणून पेट्रोल वेळेवर येत नाही. ३४चा चोक घालून पाहिला. ६,००० नंतर मजा आली, पण ३,५००च्या खाली पेडल दाबलं की आधी एक गचका, मग पिकअप. ऑटोक्रॉसमध्ये प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिन नेमकं ३,०००च्या आसपास असतं. शेवटी ३२वरच परत आलो. साध्या इंजिनात हा पेच फारसा जाणवत नाही, पण मोठ्या कॅमच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. खालच्या आरपीएमला हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते, तीच हवा व्हेंचुरीतून दोनदा जाते आणि दोन्ही वेळा पेट्रोल उचलते. आयडल ११००च्या खाली कधी बसलंच नाही आणि प्लग काळे.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. ताकदीच्या इंजिनाला इथेनॉल मुळात चांगलं. त्याचा ऑक्टेन १०८च्या आसपास आणि बाष्प होताना ते हवा जास्त थंड करतं, त्यामुळे ११ कॉम्प्रेशन निभावलं जातं. पण त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा, तर ई२०ला साडेतेराच्या आसपास, म्हणजे साधारण आठ टक्के जास्त इंधन. जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १३० म्हणजे १.३० मिमी. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून १३०वरून १३५ला गेलं की बरोबर आठ टक्के वाढ. हे गणित वर्कशॉपमध्ये पाटीवर खडूने करून काकांना दाखवलं, त्यांनी मान डोलावली आणि १३५चे जेट स्वतः घातले. गेजही हवा-इंधनाच्या आकड्यात वाचायचं सोडून लॅम्डात वाचायला लागलो: १ म्हणजे हवा-इंधन नेमकं, त्याखाली म्हणजे इंधन जास्त. लॅम्डाला पेट्रोलमध्ये काय मिसळलंय याची पर्वा नसते. पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.८८, बस.

हे सगळं कळलं ते एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरमुळे, आणि हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा सल्ला समजा: कार्बोरेटर असो की इंजेक्शन, पहिला खर्च बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरवर आणि त्याच्या कंट्रोलरवर करा. सायलेन्सरच्या पाइपला एक बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून घ्यायचा, तासाभराचं काम. काका प्लगचा रंग बघून सांगायचे ते बहुतेक वेळा बरोबर निघालं. पण प्लग गाडी थांबल्यावर बोलतो. चौथ्या गियरला ६,५००वर दोन सेकंद लीन झालेलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं, इंजिन प्लग काढेपर्यंत पिस्टन वितळवून बसलेलं असतं.

मार्चअखेर कार्बोरेटर सोडायचं ठरलं. दोन राउंडमध्ये वीस मिनिटं गाडी उभी राहिली की इंजिनाची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढायची, फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरायचं आणि स्टार्टर मारत बसावं लागायचं. खाली हीट शील्ड लावली, फिनॉलिकचे जाड स्पेसर बसवले, फरक पडला पण पुरेसा नाही. उडीनंतर गाडी आपटली की फ्लोट उसळायचा आणि एक क्षण इंजिन मिसिंग मारायचं. शिवाय घाट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. ट्रेलर कसारा उतरून मुंबईच्या बाजूला एका इव्हेंटला नेला तेव्हा खाली हवा सहाएक टक्के घट्ट. कार्बोरेटर पेट्रोल त्या प्रमाणात वाढवत नाही, मिश्रण तीनेक टक्के लीन होतं. पार्किंगमध्ये जेट बदलावे लागले. सवय असेल तर यात त्रास नाही, पण ११ कॉम्प्रेशनच्या इंजिनात विसरलात तर महागात पडतं.

एप्रिल-मे जुळवाजुळवीत गेले आणि जूनमध्ये इंजेक्शन चालू झालं. ईसीयू म्हणून मायक्रोस्क्वर्ट निवडला. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी सुरू केलेल्या मेगास्क्वर्टच्या घरातला हा छोटा, सीलबंद डबा. इंजेक्टरचे दोन चॅनल, इग्निशनचे दोन, म्हणजे चार सिलिंडरला जोडीजोडीने इंजेक्शन आणि वेस्टेड स्पार्क, म्हणजे दोन सिलिंडरना एकदम ठिणगी. मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आत नाही, बाहेरून लावायचा. कॉइल थेट चालवत नाही, इग्नायटर आतच असलेल्या कॉइल घ्याव्या लागतात. मोठ्या, महागड्या ईसीयूत हे सगळं तयार मिळतं. तुमचं बजेट असेल तर तसा घ्या, वेळ वाचेल. मला प्रत्येक वायर कुठून कुठे जाते हे स्वतः समजून घ्यायचं होतं, त्यासाठी मायक्रोस्क्वर्टसारखी वस्तू नाही. थ्रॉटल बॉडी जपानी चार सिलिंडर बाईकच्या, जुन्या घेतल्या आणि मॅनिफोल्डचे फ्लँज माझ्या मशिनवर कापले. क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक, दर दहा अंशाला एक दात आणि एक मुद्दाम गाळलेला. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं.

इंजेक्टरचा आकार असा काढला. ताकदीच्या साध्या पेट्रोल इंजिनाला तासाला एका हॉर्सपॉवरमागे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम पेट्रोल लागतं. १४० हॉर्सपॉवर म्हणजे जवळजवळ ३२ किलो, चौघांत वाटलं तर आठ-आठ किलो. इंजेक्टर ८० टक्क्यांच्या वर उघडा ठेवायचा नाही, म्हणून क्षमता दहा किलोची, म्हणजे मिनिटाला सुमारे २३० सीसी. ई२०चे आठ टक्के वर घाला, २५०. चार जुने, हाय इम्पीडन्सचे २५० सीसी इंजेक्टर घेतले.

आणि इथे बाबा आले. बाबांची नोकरी सातपूरला मायकोत झाली. कंपनीचं नाव बॉश होऊन इतकी वर्षं झाली तरी नाशिक मायकोच म्हणतं, त्र्यंबक रोडचं सर्कलही मायको सर्कलच राहिलं. डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर ज्या शहरात बनतात त्या शहरात वाढलो, तरी मी चार इंजेक्टर न तपासताच बसवायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "थांब. चारही सारखं टाकतात हे तू पाहिलंस का?" वर्कशॉपमध्ये फ्युएल रेल आडवी बांधली, खाली चार मोजपात्रं ठेवली, टेस्टिंगचं ऑइल भरलं, प्रेशर तीन बार, आणि तीस सेकंद चारही इंजेक्टर उघडे. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळे पात्राच्या पातळीला आणून एकेक आकडा वाचला आणि मी लिहून घेतला: १२४, १२६, १२५, ११३. चौथा दहा टक्के कमी. लॅम्डा सेन्सर चार सिलिंडरची सरासरी दाखवतो. त्याने ०.८७ दाखवलं असतं आणि चौथा सिलिंडर गुपचूप ०.९४वर तापत राहिला असता. अल्ट्रासॉनिकमध्ये दोनदा धुतल्यावर तो १२३वर आला. फवारासुद्धा आधी एका बाजूला झुकायचा, तो सरळ झाला. जुने इंजेक्टर घेणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी करूनच घ्यावी. डिझेलच्या पंप-नोझलची दुकानं आपल्याकडे इतकी आहेत, पेट्रोलचे इंजेक्टर तपासून देणारंही कोणीतरी सापडतंच.

पेट्रोलची लाइन मात्र पूर्ण बदलावी लागते, यात काटकसर नको. कार्बोरेटरला तीन पीएसआय पुरतात, इंजेक्शनला तीन बार म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास पीएसआय. जुना रबरी पाइप आणि साधा क्लॅम्प तसाच ठेवला तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा बसेल. टाकीत पेट्रोल हेलकावतं म्हणून मध्ये एक छोटी सर्ज टँकही घातली.

पहिला महिना वाईट गेला. ४,८००च्या पुढे इंजिन अचानक बंद पडल्यासारखं व्हायचं आणि परत यायचं. पेट्रोल, पंप, कॉइल, सगळं बदलून पाहिलं. शेवटी काकांच्या भाच्याने लॅपटॉपवर लॉग (ईसीयूने ठेवलेली नोंद) उघडला आणि दाखवलं की त्याच क्षणी ईसीयूचा क्रँक सिग्नल तुटतोय. क्रँक सेन्सरची वायर मी कॉइलच्या वायरला बांधूनच नेली होती आणि शील्डची अर्थिंग दोन्ही टोकांना दिली होती. शील्ड फक्त ईसीयूच्या बाजूला अर्थ करायची, आणि सेन्सरची वायर इग्निशनपासून शक्य तितकी लांब. तसं केल्यावर तो त्रास पुन्हा झालेला नाही. मैदानात पान्ह्याने सुटलं पाहिजे असं काका म्हणाले होते, ते अशा वेळी पटतं: हा बिघाड पान्ह्याने सुटला नसता. पण लॉग नसता तर तो सापडलाही नसता.

ट्यूनिंगबद्दल एक गोष्ट, कारण इथेच बरेच जण अडकतात. चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी आणि मोठा कॅम असेल तर मॅप सेन्सरवर इंधन मोजायला जाऊ नका. जरासा थ्रॉटल उघडला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम संपतो आणि आयडलला आकडा नुसता नाचत राहतो. थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती, यावर टेबल बांधायचं, त्याला अल्फा-एन म्हणतात. मॅप सेन्सर हवेचा दाब वाचायला ठेवायचा, म्हणजे कसारा उतरला की इंधन आपोआप वाढतं. ऑगस्टमध्ये तोच घाट उतरून त्याच बाजूला गेलो, गाडीला हात लावला नाही, लॅम्डा जागचा हलला नाही.

आता आकडे. पुण्याला एका डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दोन्ही वेळा गाडी नेली. चाकाला कार्बोरेटरवर १०८, इंजेक्शनवर १११, म्हणजे क्रँकला साधारण १३५. तीन हॉर्सपॉवरसाठी कोणी एवढा खटाटोप करू नये. पण ३,०००ला टॉर्कची रेघ इतकी वर आली की डायनोवाल्याने दोन्ही कागद एकावर एक ठेवून पाहिले. त्यातला इंधनाचा वाटा अर्धाच आहे, उरलेला इग्निशनचा. कार्बोरेटरबरोबर यांत्रिक अ‍ॅडव्हान्सचा डिस्ट्रिब्युटर होता, म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडायची ते यंत्रणेनेच ठरलेलं. ३,५००ला नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके) व्हायचं म्हणून पूर्ण अ‍ॅडव्हान्सच ३०वर अडवावा लागला, आणि वर इंजिनाला आणखी हवा असूनही देता येत नव्हता. ईसीयूत ३,५००ला २६ अंश दिले, वर ३२. जिथे नको तिथे कमी, जिथे हवं तिथे जास्त. तुमचं मन कार्बोरेटरवरच असेल, तर निदान इग्निशन तरी प्रोग्रॅम करता येईल असं बसवा. मला पुन्हा कमी बजेटमध्ये इंजिन बांधायचं झालं तर मी हेच करीन: वेबर, वाइडबँड आणि इग्निशनसाठी छोटा ईसीयू.

खर्च दोन्हीचा शेवटी जवळपास सारखाच झाला. इंजेक्शनला वस्तू स्वस्त पडल्या कारण बरंच माझ्याच मशिनवर झालं. बाहेरून करून घेतलं असतं तर वेबरच्या पुढे गेलं असतं.

वेबरची जोडी विकलेली नाही. काकांनी ती उघडून, पुसून, गॅरेजमध्ये खिडकीजवळच्या फळीवर ठेवली आहे, त्यांचा पुतण्या जुनं १.३ बांधतोय त्याला लागणार आहे. त्या इंजिनाला साधा कॅम आहे, तिथे ती शोभेल.

माझ्या गाडीचं एक काम उरलंय. थंड इंजिनाला सुरुवातीला किती जास्त पेट्रोल द्यायचं ते टेबल जूनपासून उष्ण दिवसांतच भरलं गेलं, खालचे रकाने अंदाजाने टाकलेले आहेत. मागच्या जानेवारीत वेबर तीनदा पेडल मारून पहिल्या झटक्यात उठायचं, तेवढं हे अजून उठत नाही. डिसेंबरात निफाडकडे पारा उतरला की ट्रेलर रात्रीच तिकडे नेऊन ठेवायचा, पहाटे साडेपाचला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं आणि ते रकाने भरायचे, असं भाच्याशी ठरलंय. काकाही येतो म्हणालेत.